विदर्भाच्या उन्हाळ्यात रॉटवायलर पाळताना

रॉटवायलर हा मूळचा दक्षिण जर्मनीतील रॉटवाइल गावचा कुत्रा. तेथील खाटीक गुरे बाजारात हाकून नेण्यासाठी आणि लहान गाड्या ओढण्यासाठी त्याला वापरत असत, आणि १९१० साली जर्मनीत त्याला पोलिसी कामाचा कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. थंड हवेत दिवसभर कष्ट उपसण्यासाठी घडलेला हा कुत्रा आज अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूर अशा शहरांतही पाळला जातो, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे कोणाला नवे वाटत नाही. गेली नऊ वर्षे माझ्या अकोल्याच्या घरी मोती नावाचा रॉटवायलर आहे. या काळात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली एकच गोष्ट नव्या मालकांनी प्रथम समजून घ्यावी: हा कुत्रा दमला म्हणून स्वतःहून थांबत नाही. आपण चेंडू फेकत राहिलो तर तो आणत राहतो, आपण पळत राहिलो तर तो सोबत पळत राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याला कधी थांबवायचे, हे सर्वस्वी आपल्याला ठरवावे लागते.

यामागचे कारण त्याच्या शरीरात आहे. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्याने त्याचे काहीच भागत नाही. त्याचा खरा आधार म्हणजे धापा टाकणे. जीभ, तोंड आणि नाकातील ओलावा हवेत उडून जातो आणि त्याबरोबर अंगातील उष्णता बाहेर पडते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्णतेमुळे ते १०६ अंशांच्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि रक्त गोठण्याची क्रिया या सर्वांवर घाला येतो. पिळदार, वजनदार शरीर काम करताना उष्णता भराभर निर्माण करते आणि ती तितक्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही. त्यात काळे केस ऊन शोषून घेतात. हवेत दमटपणा असेल तर तोंडातील ओलावा उडतच नाही, म्हणून रत्नागिरी किंवा पणजीतील ३३ अंशांची दुपारही या कुत्र्याला सोपी नसते. विदर्भातील मालकाला पारा पाहावा लागतो, तर कोकण-गोव्यातील मालकाने पाऱ्याबरोबर दमटपणाही पाहावा.

पहिली पायरी: आणायचा की नाही, हे ठरवणे

पिल्लू पाहायला जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत. मार्च ते जून रोज पहाटे पाचच्या आत कोण उठणार? दुपारी बारा ते सहा या वेळेत कुत्र्यासाठी घराच्या आत, पंखा किंवा कूलर असलेली जागा आहे का, आणि वीज गेली तर काय करणार? पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास भरतो. त्याला आवरू शकेल अशी आपल्याशिवाय आणखी एक व्यक्ती घरात आहे का? रात्री किंवा रविवारी दार उघडणारा पशुवैद्य किती अंतरावर आहे? यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल तर रॉटवायलर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतावर राखणीसाठी चपळ, काटक कुत्रा हवा असेल तर आपल्याच मातीतील कारवानी कुत्र्याचा विचार करावा. सडपातळ बांधा, आखूड केस आणि लांब नाकाड यांमुळे तो आपल्या उन्हाला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला आहे. त्यालाही सावली आणि पाणी लागतेच, पण रॉटवायलरइतकी तारांबळ उडत नाही.

कायद्याची बाजूही आधीच समजून घ्यावी. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने रॉटवायलरसह २३ जातींवर निर्बंध आणण्याचे परिपत्रक राज्यांना पाठवले होते आणि एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. मात्र या जातीकडे लोक धास्तीने पाहतात, हे विसरून चालणार नाही. आपल्या महानगरपालिकेचे किंवा नगरपालिकेचे सध्याचे नियम विचारून घ्यावेत, नोंदणी करावी आणि रेबीजच्या लसीचा दाखला हाताशी ठेवावा. पाळीव प्राण्याबाबत हलगर्जी करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरीकडे, कुत्र्याला तासन्‌तास साखळीने बांधून ठेवणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली क्रूरता ठरते. साखळीला बांधलेल्या कुत्र्यावरून दुपारी सावली सरकून जाते आणि त्याला तिच्यामागे जाता येत नाही. उन्हाळ्यात ही एवढीशी बाब जिवावर बेतते.

दुसरी पायरी: पिल्लाची निवड आणि आणण्याची वेळ

आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई आहे, तेव्हा पाच आठवड्यांचे पिल्लू ‘आता खायला लागले आहे, घेऊन जा’ म्हणून कोणी पुढे केले तर तेथून परत यावे. आई समोर पाहावी, शक्य असल्यास बापही पाहावा आणि दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का ते विचारावे, कारण खुब्याच्या सांध्याचा दोष या जातीत बराच आढळतो. ‘हेवी बोन’, ‘बिग हेड’ अशा जाहिरातींना भुलू नये. आपल्या हवेत अवाढव्य डोके आणि आखूड तोंडाचे पिल्लू धाप टाकताना अधिक त्रासते. मध्यम बांध्याचे, मोकळ्या नाकपुड्यांचे, भरपूर लांब तोंडाचे आणि हलक्या पायांचे पिल्लू निवडावे.

एप्रिल-मे मध्ये पिल्लू आणू नये. दिवाळीचे फटाके आटोपल्यावर नोव्हेंबरच्या मध्यास आणलेले पिल्लू उन्हाळा येईपर्यंत सहा-सात महिन्यांचे होते, त्याच्या सुरुवातीच्या लसी पूर्ण झालेल्या असतात आणि हवा हळूहळू तापत जाते तसे त्याचे शरीरही सरावत जाते. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका रॉटवायलरच्या पिल्लांना इतर जातींपेक्षा अधिक असतो, म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचे होईपर्यंत, पशुवैद्य सांगतील त्या तारखांना लसी चुकवू नयेत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढे पशुवैद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे द्यावी.

तिसरी पायरी: घरातील जागा

गच्चीवरील खोली आणि पत्र्याची शेड या दोन जागा पहिल्याच दिवशी बाद कराव्यात. दुपारी दोन वाजता पत्र्याखाली आपण स्वतः दहा मिनिटे बसून पाहिले, तर यावर अधिक सांगावे लागणार नाही. तळमजल्यावरील उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली उत्तम. शहाबादी फरशी असेल तर फारच चांगले, कारण ती गार राहते आणि पायही घसरत नाहीत. गुळगुळीत टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे मागचे पाय फाकत राहतात आणि खुब्यांवर ताण येतो, म्हणून तिथे रबरी चटया टाकाव्यात. जमिनीपासून वीतभर उंच, नवारीने विणलेली लहान खाट करून घेतल्यास खालूनही वारा लागतो.

कूलर विदर्भाच्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो आणि उपयोगाऐवजी अपाय करतो. कोकणात कूलरच्या भरवशावर राहू नये, तिथे मोठा पंखा किंवा एसी हवा. पाणी दोन ठिकाणी, जड मातीच्या कुंडीत किंवा दगडी भांड्यात ठेवावे. एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे ४५ किलोच्या कुत्र्याला सव्वादोन ते पावणेतीन लिटर. उन्हाळ्यात याच्या दुपटीची तयारी ठेवावी. स्टीलचे भांडे उन्हात राहिले तर त्यातील पाणी तापते आणि कुत्रा तोंड लावत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

चौथी पायरी: दिनक्रम सूर्यावर बसवणे

फेब्रुवारी संपत आला की व्यायामाची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी पहाटेकडे सरकवावी. ऐन मे मध्ये आम्ही पावणेपाचला बाहेर पडतो आणि सूर्य वर यायच्या आत, पावणेसहापर्यंत परततो. संध्याकाळी ऊन उतरले म्हणजे जमीन निवाली असे नव्हे. डांबरी रस्ता रात्री आठपर्यंतही भाजतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी, आपल्याला सोसली नाही तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसणार नाही. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत संध्याकाळचे फिरणे मी केवळ शी-शूपुरते ठेवतो आणि त्यासाठीही मातीचा रस्ता धरतो.

ताकदवान कुत्र्याला व्यायाम कमी केला की तो बेचैन होतो, चपला कुरतडतो, फाटकावर धडका देतो. यावर उपाय म्हणजे डोक्याला काम देणे. घरातल्या घरात दहा मिनिटे बस, थांब, इकडे ये यांचा सराव, जुन्या चादरीच्या घड्यांत लपवलेले खाद्याचे दाणे नाकाने शोधायला लावणे, किंवा चिकनचे बिनमिठाचे, कांदा-लसूण न घातलेले पाणी वाटीत गोठवून ते चाटायला देणे, एवढ्याने तो तासभर शांत झोपतो. अंगणात गुडघाभर पाण्याची सिमेंटची हौदी असेल तर तिच्याइतके सुख दुसरे नाही. पिल्लू दीड वर्षाचे होईपर्यंत मात्र सायकलमागे पळवणे, जिने चढ-उतार आणि उंच उड्या कोणत्याही ऋतूत टाळाव्यात, कारण हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते.

तोंडाला जाळी बांधण्याची वेळ आली, तर तोंड पूर्ण उघडता येईल अशी टोपलीसारखी जाळीच वापरावी. कापडी पट्टा तोंड घट्ट मिटून टाकतो. कुत्र्याला धाप टाकता येत नाही आणि उन्हात तो काही मिनिटांत संकटात सापडतो. गाडीत त्याला एकटे ठेवू नये. बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. उन्हाळ्यात केस भादरून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, तोही मानू नये. वरचे केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात. आतली मऊ लव रोज ब्रशने काढली, तर तेवढे पुरते.

पाचवी पायरी: खाणे

जेवण दोन वेळा विभागून द्यावे: सकाळी फिरून आल्यावर धाप पूर्ण थांबून अर्धा-पाऊण तास झाल्यानंतर आणि रात्री हवा गार झाल्यावर. जेवणानंतर दोन तास खेळ नको. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा प्राणघातक विकार होतो. पोट टम्म फुगले आहे, कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही, असे दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. पिल्लाला मोठ्या जातींसाठीचे खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमची औषधे देऊ नयेत, जास्तीच्या कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. उन्हाळ्यात भूक थोडी मंदावते, ते स्वाभाविक आहे. तूप घालून आग्रह करू नये. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात, इतके अंग असावे. जाड कुत्र्याला उष्माघात लवकर होतो.

मीठ-मसाला न घातलेले पातळ ताक थोडे द्यायला हरकत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे वर्ज्य. आमरसाच्या दिवसांत आंब्याच्या कोयी झाकणाच्या डब्यात टाकाव्यात, कारण कुत्रा कोय अख्खी गिळतो, ती आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

सहावी पायरी: उष्माघात ओळखणे आणि पहिली पंधरा मिनिटे

मोती तीन वर्षांचा असतानाची गोष्ट आहे. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, संध्याकाळचे साडेपाच-पावणेसहा झाले होते आणि मोकळ्या मैदानावर मी त्याला चेंडू टाकत होतो. ऊन तिरपे झाले होते, वारा सुटला होता, म्हणून मला निर्धास्त वाटले. बारा-पंधरा वेळा त्याने चेंडू आणला. त्यानंतरच्या खेपेस तो परतला तेव्हा चेंडू तोंडात नव्हता, जीभ बाजूला लोंबत होती, तिचे टोक पसरट होऊन वळले होते, लाळ दोरीसारखी चिकट झाली होती आणि मागचे पाय एकमेकांत अडकत होते. घर समोरच होते. आत नेऊन नळी सोडली, तर गच्चीवरील टाकीचे पाणी हाताला चटका बसेल इतके कढत आले. शेजारच्या काकूंनी सावलीतील रांजण उपसून घागरी आणून दिल्या, तो सारा रांजण त्याच्या अंगावर रिकामा केला आणि टेबलफॅन लावून मगच दवाखान्याकडे निघालो. तेथे पोहोचल्यावर त्याचे तापमान १०५ भरले. तो वाचला. तेव्हापासून मार्च लागला की आमच्या मोरीत पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या बादल्या कायम सावलीत असतात, आणि प्रत्येक नव्या मालकाला मी ही तयारी सर्वांत आधी करायला सांगतो.

लक्षणे अशी: विश्रांतीनंतरही न थांबणारी मोठी धाप, चिकट लाळ, गडद लाल आणि पुढे फिकट पडणाऱ्या हिरड्या, हाकेला प्रतिसाद न देणे, झोक जाणे, उलटी, रक्ताची शी, झटके. यांतील दोन जरी एकत्र दिसली तरी पुढील क्रम पाळावा.

कुत्र्याला तत्काळ सावलीत, वारा असलेल्या जागी घ्यावे. मिळेल ते गार पाणी मान, छाती, काखा, जांघा आणि पोट यांवर सतत ओतत राहावे आणि त्याच वेळी पंखा लावावा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल किंवा गोणपाट अंगावर पांघरून ठेवू नये. काही मिनिटांत ते कापड तापते आणि उष्णता आत कोंडते. पिण्यास पाणी समोर ठेवावे, पण शुद्ध हरपत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. डिजिटल थर्मामीटरने गुदद्वारातून तापमान घ्यावे आणि १०३ अंशांवर आले की पाणी थांबवावे, नाहीतर ते पुढे फारच खाली जाते. माणसांच्या तापाची गोळी कदापि देऊ नये. हा ताप नव्हे, त्यामुळे तिचा उपयोग शून्य, आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखे बाधू शकते. आधी थंड करावे, मग गाडीत घालावे. वाटेतही अंग ओले आणि काचा उघड्या ठेवाव्यात.

कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी दवाखान्यात न्यावेच लागते. मूत्रपिंडांना आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा पुढील दोन-तीन दिवसांत उघड होते, आणि ती रक्ततपासणीशिवाय कळत नाही. जवळ खासगी पशुवैद्य नसेल तर नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि मुंबईतील परळ येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने ध्यानात ठेवावेत. त्यांच्या वेळा आणि फोन क्रमांक मार्चपूर्वीच काढून फ्रिजवर चिकटवावेत.

सातवी पायरी: पाऊस आणि गोचीड

मृगाच्या सरी पडल्या की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण या कुत्र्याचे पुढचे दुखणे तेव्हाच सुरू होते. उबदार, दमट हवेत गोचिडी झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यामार्फत एर्लिकिया व बॅबेसियासारखे रक्ताचे आजार होतात. अन्नावरची वासना गेली, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. पशुवैद्याने वजनाप्रमाणे दिलेले गोचीड-प्रतिबंधक औषध तारीख न चुकवता देत राहावे. रोज फिरून आल्यावर कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत हाताने चाचपून पाहावे. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. कुत्र्यावर उपाय करून घर तसेच ठेवले तर काही साधत नाही, कारण गोचिडी भिंतीच्या फटींत आणि खाटेच्या सांध्यांत अंडी घालतात. त्या फटी बुजवाव्यात, नवार उन्हात टाकावी. भिजलेला कुत्रा पंजांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा पुसावा, नाहीतर आतली लव ओली राहून त्वचेवर लाल, स्रवणारे चट्टे उठतात.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरचा उन्हाळा येतो आणि अनेक जण तेथे फसतात. तीन महिन्यांच्या ढगाळ हवेने कुत्र्याचा उन्हाचा सराव सुटलेला असतो, जमिनीत ओल असल्यामुळे हवा दमट असते आणि सकाळी आठला फिरायला जाण्याची सवय लागलेली असते. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा पहाटे निघावे, मोरीतील बादल्या पुन्हा भराव्यात आणि थंडी पडेपर्यंत त्या तशाच भरलेल्या राहू द्याव्यात.